पत्ताकोबीचा हिवाळा

डिसेंबर लागला की वर्ध्याच्या बाजारात पत्ताकोबीचे ढीग लागतात आणि मी बाजाराला जायचं सोडते. लोक हिवाळ्याची वाट पाहतात. त्यांना तुरीच्या ओल्या शेंगा आठवतात, हरभऱ्याची कोवळी भाजी आठवते, अंगणातलं ऊन आठवतं. मला फक्त एक वास आठवतो. सून कोबी चिरायला बसली की मी खुर्ची उचलून मागच्या दारी जाऊन बसते. म्हातारीचे चोचले, असं तिला वाटतं. वाटू दे. ऐंशी ओलांडल्यावर माणसाला एवढी मुभा असावी.

परवा पुण्याहून नात आली. तिनं एक काचेची बरणी आणली होती. "आजी, ही आंबवलेली कोबी. पोटाला फार चांगली," असं म्हणत तिनं जेवणाच्या टेबलावरच झाकण उघडलं. साठ-पासष्ट वर्षं मधे गेली होती, पण नाकाला त्याचं काय? मी ताटावरून उठले आणि मोरीत जाऊन ओकले. सगळे धावले. "पित्त झालंय," मी म्हटलं. पित्त नव्हतं ते. त्या वासाला चिकटून एक बाई माझ्या घशाशी येते, आणि माझं एक वाक्य येतं. त्या वाक्यापायी त्या बाईचं पुढं जाणं अडलं होतं. मला ते मागे घेता आलं असतं. तेवढ्यासाठी तीन आठवडे होते माझ्या हाती.

आमचं गाव पवनारच्या अलीकडे, धाम नदीच्या काठाला. माझे वडील, बाबूजी, गावचे सरपंच. अंगावर खादी, घरात मांसमच्छी बंद, बोलण्यात सेवा आणि सत्य. शेती चांगली होती, आल्या-गेल्याला ताट होतं. छप्पन साली होळीच्या सुमाराला आमच्या ओसरीलगतच्या खोलीत एक गोरी बाई राहायला आली. लिझबेत तिचं नाव, गावानं तिची लिझाबाई केली. ती नर्स होती. आमच्या ओसरीवर सकाळी तिचा दवाखाना चाले. खरूज, दुखणारे डोळे, गळवं, अडलेल्या बाळंतिणी. मी मॅट्रिक झालेली, एकोणीस वर्षांची, घरात लग्नाचं चाललेलं. माझं इंग्रजी बरं, तेव्हा तोवर तिची दुभाषी म्हणून माझी नेमणूक झाली.

ती फ्रान्सची, पण अगदी कडेची. अल्सास नावाचा मुलूख, एक नदी ओलांडली की जर्मनी. तिची आजी एकाच घरात राहून चार वेळा दुसऱ्या देशाची झाली होती. जर्मन आले, मग फ्रेंच, परत जर्मन, परत फ्रेंच. लिझाबाई तिच्या मोडक्यातोडक्या हिंदी-मराठीत सांगायची, "झेंडा बदललं. चूल नाही बदललं." हे ती फार अभिमानानं सांगायची, आणि मग त्या चुलीवर काय काय शिजतं ते सांगायला बसायची. तिथंच सगळा घोटाळा व्हायचा.

कारण ते ऐकवत नसे. थंडी पडली की तिच्या गावात घरोघरी डुक्कर कापायचे. रक्त पातेल्यात धरायचं, ते गोठू नये म्हणून हातानं ढवळत राहायचं, आणि हे ढवळण्याचं काम लहानपणी तिच्याकडे असे. मग ते रक्त आतड्यांत भरून उकडायचं. बदकासारखा मोठा हंस असतो, त्याच्या गळ्यात नळी घालून मक्याचे दाणे कोंबायचे, दिवसातून कितीदा तरी, त्याचं काळीज सुजून दुप्पट-चौपट होईस्तोवर. मग ते सुजकं काळीज सणाला खायचं. हे मी मराठीत सांगत होते आणि आई तांदूळ निवडत होती. आईनं सूप खाली ठेवलं. "कुसुम, त्या बाईले सांग, आमच्या घरात हे बोलाचं नाई," ती म्हणाली आणि चूळ भरायला उठली. मी लिझाबाईला सांगितलं की आईला फार आवडलं, पण काम आहे. दुभाष्याला एवढं करावंच लागतं.

सोमवारी तिच्याकडे कपडे धुण्याचा दिवस असे. म्हणून आदल्या रात्री तीन जनावरांचं मांस दारूत भिजत घालायचं, सकाळी बटाटे-कांद्याबरोबर मातीच्या भांड्यात रचायचं, झाकणाच्या कडेला कणीक लिंपायची आणि भांडं गावच्या भट्टीवाल्याकडे नेऊन द्यायचं. बाया नदीवर धुणं धुवून येईस्तोवर जेवण तयार. कणीक लिंपण्याचा भाग आईला पटला. तीन मांसांचा पटला नाही. "एकानं पोट नाई भरत का त्याइचं?" तिनं विचारलं. तिकडे पांढरी आंबट दारू पाण्यासारखी पितात, अगदी म्हातारे पाद्रीसुद्धा, हे कळल्यावर बाबूजी दोन दिवस ओसरीवर फिरकले नाहीत. वर्ध्यात तेव्हा दारूबंदी. लिझाबाईच्या औषधांच्या पेटीत टिंक्चरच्या शेजारी एक चपटी बाटली होती, चेरीच्या दारूची. सर्दी झाली की ती छातीला चोळायची, आणि मला वाटतं थोडी आतूनही चोळायची. तिच्या श्वासाला कुजक्या फळांचा वास यायचा. मी तोंड फिरवून दुभाषीपण करायची.

आणि ते चीज. तिच्या बहिणीनं नाताळासाठी बोटीनं पार्सल पाठवलं होतं. आमच्याकडे पोचलं ते टपालवाल्याच्या सायकलला दोरीनं लोंबकळत. पिशवीत ठेवायची त्याची छाती झाली नव्हती. "ताई, याच्यात काहीतरी मेलं आहे. आधी सरपंचसाहेबाइले दाखवा, मंग सही करा," तो म्हणाला. आत खोक्यात बिस्किटं होती, ताऱ्यांच्या आणि चंद्राच्या आकाराची, मसाल्याच्या मधाच्या भाकरीची एक वीट होती, आणि फडक्यात बांधलेला एक नारिंगी, चिकट, घाम सुटलेला गोळा. गोठ्यातल्या बैलांनी माना वळवल्या असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, पण आमच्या कुत्र्यानं भुंकून घर डोक्यावर घेतलं हे खरं. लिझाबाईनं वरची साल खरवडली, आईकडून चिमूटभर जिरं मागून घेतलं, ते त्यावर भुरभुरलं आणि डोळे मिटून खाल्लं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला तिची दया आली नाही. मला फक्त तिची बोटं दिसत होती, नखांत अडकलेलं ते नारिंगी काहीतरी.

आता तुम्ही म्हणाल, एवढी किळस येत होती तर तिला आमच्या घरात मुरू कसं दिलं. त्याला कारण कुरडया. उन्हाळ्यात आईनं कुरडयांसाठी गहू भिजत घातले होते. तीन दिवस भिजलेल्या गव्हाला कसा वास येतो ते आमच्याकडच्या कुणाला सांगायला नको. पाणी बदललं तरी घरभर आंबूस, कुबट दर्प. आम्हांला तो वाससुद्धा वाटायचा नाही. लिझाबाई मात्र दारातच थबकली. तिनं त्या गव्हाच्या पातेल्यात जवळजवळ तोंड घातलं आणि कितीतरी वेळ वास घेत राहिली. "हे माझ्या आजीच्या तळघरचं वास," ती म्हणाली. आई एवढी खूश झाली, की तिनं तिला चीक करून खाऊ घातला, वर तूप. दोघी एकमेकींची भाषा न कळता दुपारभर कुरडया घालत बसल्या. त्याच दिवशी लिझाबाईनं ठरवलं की हिवाळ्यात कोबी निघाली की आपण आपल्या आजीची आंबट कोबी घालायची. आईनं जागाही कबूल केली, घरातली सगळ्यांत थंड. म्हणजे तिची कोठीची खोली, जिथं वर्षाची लोणची ठेवलेली असत.

कोठी म्हणजे आईचं देवघरच. आंघोळ केल्याशिवाय आत पाय नाही, ओल्या हातानं बरणीला स्पर्श नाही, आणि विटाळशी बाईची सावलीसुद्धा उंबऱ्यावर पडायची नाही. पडली की लोणचं नासतं. हे आईला जितकं ठाऊक होतं तितकंच मलाही. त्यात शंका घ्यायची असते, हेच तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

आता गिरजाबद्दल. गिरजा लिझाबाईच्या हाताखाली काम करायची. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, सातवी पास, नाल्यापलीकडच्या वस्तीतली. त्या दसऱ्याला तिच्या वस्तीतली जवळजवळ सगळी माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. आल्यावर गिरजानं दोन गोष्टी बदलल्या. घरातले देव नदीला दिले, आणि आईला 'मालकीनबाई' म्हणायचं सोडून 'काकू' म्हणायला लागली. आईला ते खुपलं. पण बोलायची सोय नव्हती, कारण बाबूजी सभेत अस्पृश्यतेविरुद्ध भाषणं करत. म्हणून व्यवस्था अशी होती की गिरजा ओसरीवर येई, लिझाबाईच्या खोलीत जाई, सुया उकळी, पट्ट्या बांधी. घराच्या आत येत नसे. तिला कुणी येऊ नको म्हटलं नव्हतं. आणि ये असंही कुणी म्हटलं नव्हतं.

बाळंतपणात तिचा हात फार चांगला होता. लिझाबाई म्हणे, ही माझ्यापेक्षा बरी. वर्ध्याच्या एका दवाखान्यात संक्रांतीनंतर सुईणीचं आणि नर्सचं शिक्षण सुरू व्हायचं होतं. त्यासाठी गिरजाचा अर्ज लिझाबाईनं लिहिला होता. फक्त गावच्या सरपंचानं तिच्या वर्तणुकीचा दाखला द्यायचा राहिला होता. कागद बाबूजींच्या मेजावर होता. एक सही, बस.

डिसेंबरच्या सुरुवातीला सात-आठ गड्डे कोबी आली. लिझाबाईच्या गावात म्हणे कोबी चिरणारे लोक पातं बसवलेली लांब फळी घेऊन दारोदार फिरतात. इथं ती विळीवर बसली आणि दहा मिनिटांत अंगठा कापून घेतला. मग गिरजानं विळी ओढली. तिनं सगळी कोबी अशी बारीक चिरली की लिझाबाई नुसती पाहत राहिली. बाजारातून आणलेल्या नव्या चिनी मातीच्या बरणीत कोबीचा एक थर, मिठाचा एक थर, मधूनमधून मिरी आणि शहाजिरं. आणि मग ते मुठींनी चेपायचं, पाणी सुटेपर्यंत चेपायचं. गिरजा कोपरापर्यंत हात घालून चेपत होती. पूर्वी तिच्या गावात हे पायांनी तुडवत, असं लिझाबाईनं सांगितलं. मी ते आईला भाषांतरून सांगितलं नाही. वर धामेतला गुळगुळीत गोटा ठेवला आणि बरणी आईनं स्वतः उचलून कोठीत नेली. गिरजाच्या हातचं आतमध्ये आहे हे तिला दिसत होतं. पण ते आपल्याला खायचं नाही, गोरीला खायचं आहे, अशी तिनं मनाशी तडजोड केली असणार. दुसऱ्या दिवशी लिझाबाई औषधं आणायला चार दिवसांसाठी नागपूरला गेली. जाताना एक सांगायचं ती विसरली, की ही कोबी वर येते. तिच्या गावात ते पोरासोरांनाही ठाऊक असतं. तिला वाटलं असेल, आम्हांलाही असेल.

तिसऱ्या दिवशी माझी पाळी आली. आमच्या घरात मग चार दिवस गोठ्याशेजारच्या खोलीत बसायचं. पण त्या दिवशी वर्ध्याला मैत्रिणीकडे जायचं माझं ठरलं होतं, दुपारच्या बसनं. महिनाभर मी त्याची वाट पाहत होते. मी बोललेच नाही. सकाळीच नदीवर गेले, बाया जातात त्याच्या वरच्या अंगाला, आणि माझं धुऊन आले. घरी आले तर आई म्हणाली, "कोठीतून गूळ काढून आन." नाही म्हणायचं म्हणजे कारण सांगायचं. मी आत गेले. गूळ काढला, आणि काढता काढता त्या बरणीचं फडकं उचललं. का उचललं, कुणास ठाऊक. पाहावंसं वाटलं. मी गोटासुद्धा जरा हलवला. बुडबुडे आले. कुबट, आंबट, गटारावर साबण ओतावा तसा वास आला. मी फडकं टाकलं आणि पळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोठीतून आईची हाक आली. बरणी उतू गेली होती. करडा, बुळबुळीत फेस बरणीवरून ओघळून जमिनीवर आला होता आणि आईच्या लोणच्याच्या बरण्यांपर्यंत पोचला होता. वास असा, की आम्ही दोघींनी पदर नाकाला लावले. आईनं लोणच्याची बरणी उघडली, आत तिला पांढरी साय दिसली. असेलही. ती पाटावर बसली. "कोनतरी विटाळशी गेली आतमंदी," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "तू गेलती काल. तुह्यं बराबर आहे ना?"

वर्षाचं लोणचं, आईची कोठी, पाळी चोरून वर्ध्याला जाऊन आलेली मी, त्या अवस्थेत मैत्रिणीच्या घरी देवासमोर बसून जेवलेली मी. आणि मी म्हणाले, "मी गूळ घेऊन आले तेव्हा गिरजा आत होती. बरणी पाहत होती."

एवढंच ते वाक्य.

गिरजा नेहमीप्रमाणे नवाला ओसरी झाडायला आली. आईनं तिला पायरीवरच थांबवलं. "गिरजे, काऊन गेलती तू कोठीत? आन तसल्या टायमाले?"

गिरजानं झाडू खाली ठेवला. "मी आत नाई गेली, काकू."

"कुसुमनं पाह्यलं तुले."

गिरजानं माझ्याकडे पाहिलं. मी खांबाला टेकून उभी होते. ती फार वेळ पाहत होती. काल सकाळी नदीवर, माझ्या समोरच्या काठाला, वाळूत कुणीतरी पाटीभर कपडे घेऊन उतरत होतं. तेव्हा मी मान वर केली नव्हती. आता मला कळलं की ती गिरजा होती आणि मी काय धूत होते ते तिनं पाहिलं होतं. आता ती बोलणार, असं मला वाटलं.

"मी आत नाई गेली," ती पुन्हा म्हणाली. "आन इटाळ-फिटाळ आता आमी मानत नाई. कोबी नासली असंन त कोबीनं नासली." तिनं झाडू उचलून कोपऱ्यात नीट उभा केला आणि निघून गेली.

बाबूजींचं वागणं मला सगळ्यांत जास्त किळसवाणं वाटतं, अजूनही. माझं सोडून. ते म्हणाले, जातीचा प्रश्न नाही, विटाळाचाही नाही, मी तसलं मानत नाही. प्रश्न विश्वासाचा आहे. न विचारता दुसऱ्याच्या घरात शिरते आणि वर खोटं बोलते, अशा बाईच्या वर्तणुकीचा दाखला मी सत्य स्मरून कसा देऊ? त्यांनी कागद मेजाच्या खणात टाकला. खादीचा सदरा, कडक इस्त्री, आणि सत्य हा शब्द तोंडात खडीसाखर घोळवावी तसा. मी शेजारी उभी राहून त्यांना पाण्याचा पेला देत होते.

लिझाबाई नागपूरहून आली ती थेट कोठीपाशी. आईनं उंबऱ्याबाहेरूनच तिला तो प्रकार दाखवला, जशी मेलेली घूस दाखवावी. लिझाबाईनं फेस बाजूला केला, दोन बोटं आत बुडवली, बोटं चोखली आणि हसली. आई भिंतीकडे वळली. "खराब नाही," लिझाबाई म्हणाली. "आता जिवंत झाली. असंच पाहिजे." ती खरंच आनंदली होती. तिच्या आजीकडे ज्या वर्षी फेस चांगला येई त्या वर्षी कोबी चांगली होई. कुणाच्या सावलीनं काही झालं नव्हतं. माझ्याही नाही. बुरशीनंही नाही. सगळं अगदी जसं व्हायला पाहिजे तसं झालं होतं.

मला सुटल्यासारखं वाटलं, ते एक क्षणभर. कारण लिझाबाईनं लगेच विचारलं, गिरजा कुठं आहे? मी सांगितलं. ती बाबूजींकडे गेली. त्या दिवशी मी दोन्हीकडची वाक्यं इकडून तिकडे नेत होते. बरणी नासली नाही, ती म्हणाली. प्रश्न बरणीचा नाहीच, बाबूजी म्हणाले, ती आत गेली होती आणि नाही म्हणाली. तिनं विचारलं, कुणी पाहिलं? बाबूजींनी माझ्याकडे बोट केलं. लिझाबाई माझ्याकडे वळली. हा प्रश्न भाषांतरायची गरज नव्हती. मी मान हलवली. हो, म्हणून.

तिथून नाताळपर्यंत तीन आठवडे. रोज सकाळी मला वाटे, आज सांगू. आईला भाकरी थापताना पाहिलं की वाटे, आता. मग कोठीचं दार उघडे आणि तो वास येई, रोज थोडा जास्त आंबट, थोडा जास्त पिकलेला, आणि मी झाडू घेऊन ओसरीवर जाई. माझं लग्न जमत होतं. पाहायला येणारे लोक हिंगणघाटचे होते. विटाळ लपवून देवाजवळ जेवणारी, आईची कोठी बाटवणारी, खोटं बोलणारी मुलगी. मी हिशेब केला, आणि तो गिरजाच्या नावावर ढकलला. ओसरी मीच झाडू लागले, सुया मीच उकळू लागले. लिझाबाई माझ्याशी कामापुरतं बोले.

नाताळच्या दुपारी तिनं आम्हांला जेवायला बोलावलं. तिच्या खोलीत, चटईवर. मातीच्या मडक्यात खाली-वर निखारे घालून तिनं त्यांचा तो मधे भोक असलेला गोड पाव करायचा प्रयत्न केला होता, मनुका-बदाम घालून. बाहेरून कोळसा, आतून लगदा. त्यात अंडी होती हे आम्हांला संक्रांतीनंतर कळलं, आणि आईनं दोन दिवस उपास केला. मग ती कोबी आली. बटाट्यांबरोबर शिजवलेली, हंसाच्या चरबीऐवजी आईच्या तुपात. पिवळट, ओली, ताटात पसरणारी. वाफेबरोबर तो वास उठला. बाबूजींनी पाहुणीचा मान म्हणून दोन घास घेतले आणि सोज्वळ चेहऱ्यानं गिळले. आईनं एक घेतला, तो गालात धरून बाहेर गेली. मी सगळं ताट संपवलं. प्रत्येक घास ओकारी दाबत गिळला. कुणीतरी शिक्षा द्यावी तर ही, असं मला वाटत होतं. तेवढ्यानं फिटेल असंही वाटत होतं.

जेवणं झाल्यावर लिझाबाईनं एक वाडगा भरला, वर फडकं बांधलं. "ही जिनं केली तिच्याकडे ने," ती मला म्हणाली. "आणि तुला तिला काही सांगायचं असेल, तर सांग." म्हणजे तिला कळलं होतं. किती दिवसांपासून, ते मी कधी विचारलं नाही.

नाल्यापलीकडे मी त्याआधी कधी गेले नव्हते. अर्ध्या मैलाचं अंतर असेल. गिरजाचं घर शेणानं सारवलेलं, दारात रांगोळी नाही पण अंगण आरशासारखं. ती तुरी निवडत होती. मला पाहून उठली. हात धुतले, वाडगा घेतला, फडकं सोडून वास घेतला आणि चिमूटभर कोबी तोंडात टाकली. "खारट कमी झालं," ती म्हणाली. "आनखी दोन मुठी मीठ लागत होतं." मग तिनं मला चटई टाकली. "बसा, ताई. एवढ्या उन्हाचं चालत आल्या."

मी बसले. वाक्य तयार होतं. रस्ताभर घोकत आले होते. मी बाबूजींना सांगते, कागदावर सही करून घेते, अजून संक्रांत व्हायची आहे.

"त्या दिवशी तू माझं नाव का नाही सांगितलंस?" मी विचारलं. तेवढंच जमलं.

"तुमचं नाव घेतलं असतं त मले कोन खरं मानलं असतं?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला फार वाईट वाटलं. "तुमी सांगान, असं वाटलं होतं मले. सांगाले आल्या का आज?"

मी काही बोलायच्या आत ती आत गेली आणि पाणी घेऊन आली. पितळी लोटा, चिंचेनं घासून लख्ख केलेला. पाणी इतकं स्वच्छ की तळाचं पितळ दिसत होतं. तिनं तो माझ्या हातात दिला.

मी तो तोंडापर्यंत नेला. खरंच नेला. आणि माझा घसा बंद झाला. तासाभरापूर्वी सडलेल्या कोबीचं अख्खं ताट मी संपवलं होतं. गोऱ्या बाईच्या नखांतलं चीज पाहिलं होतं, तिच्या तोंडाच्या दारूचा वास सोसला होता, तिच्या लगद्यातली न कळलेली अंडी माझ्या पोटात राहिली होती. हे पाणी उतरेना. मनानं मी म्हणत होते, पी, पी. पण ओकारी वर येत होती, आणि ती कोबीची नव्हती, हे मला कळत होतं आणि समोर उभ्या असलेल्या गिरजालाही कळत होतं. मी लोटा खाली ठेवला. "बाईंनी कोबी पाठवलीय, तीच द्यायला आले होते," मी म्हणाले.

पुढचं सांगून टाकते. तो कागद खणातच राहिला. लिझाबाई उन्हाळ्यात गाव सोडून गेली, माझं हिंगणघाटला लग्न झालं. गिरजा वर्षभरानं आपल्या हिमतीवर, दुसऱ्याच कुणाच्या दाखल्यावर शिकली आणि पुढं कारंजाला नर्स म्हणून निवृत्त झाली, असं मला कळलं. माझ्यावाचून तिचं काही अडलं नाही. एक वर्ष अडलं होतं, एक हिवाळा, आणि तो माझ्याकडे आहे. मी कोबीचं नाव पुढं करते, वासाचं करते, पित्ताचं करते. किळस मला माझ्या या घशाची येते.

त्या दुपारी गिरजानं तो लोटा उचलला, माझ्यासमोर तोंडाला लावला आणि घटाघट सगळं पाणी प्यायली. पदरानं तोंड पुसलं.

"पानी चांगलं आहे, ताई," ती म्हणाली, आणि तुरी निवडायला बसली.